पहिला ब्रेक

गाडीचा नंबर टाकला की आमच्या कॉम्प्युटरवर तिचं सगळं मागचं उघडतं. कोणी आणली, काय तक्रार केली, आम्ही काय केलं. उत्तरायणाची सुट्टी संपून वर्कशॉप नुकतंच उघडलं होतं, आवारातल्या तारांवर अजून फाटके पतंग लोंबत होते, आणि वासण्याहून आलेला हार्दिक नावाचा एक तरुण माझ्यासमोर बसून किल्ली बोटात फिरवत होता. महिन्यापूर्वीच त्याने ही डिझेल गाडी जुनी म्हणून विकत घेतली होती. "बेन, सवारे पहेली ब्रेक पथ्थर जेवी आवे छे," तो म्हणाला, "पछी आखो दिवस कंई नथी." सकाळचा पहिला ब्रेक दगडासारखा, मग दिवसभर काही नाही. मी मान डोलावत नंबर टाकला आणि पडद्यावर तीन ओळी आल्या. तिन्ही एकाच पावसाळ्यानंतरच्या, तिन्हींपुढे नाव एम. के. देवरे, कारेलीबाग, आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी माझेच शब्द होते, 'कस्टमर एक्स्प्लेन्ड', म्हणजे गिऱ्हाइकाला समजावून सांगितलं, खाली माझं नाव, संयोगिता शिर्के. गिऱ्हाइकासमोर मी हसतमुख असते, त्याचाच पगार घेते. ते हसू तोंडावर तसंच राहिलं आणि आता ते काढायचं कसं हेच मला सुचेना. मी कसंबसं विचारलं, इंजिन बंद असताना ब्रेक दाबता का? मला त्याने हो म्हणायला हवं होतं. देवाशपथ, मी मनातल्या मनात त्याला हो म्हण, हो म्हण असं सांगत होते. "ना रे ना," हार्दिक म्हणाला, "चालू करीने तरत ज." चालू केल्या केल्याच. मी त्याला म्हटलं, गाडी रात्रभर इथेच राहू दे. तो लगेच तयार झाला. इतकं सोपं होतं ते, एक वाक्य बोलायचं आणि गाडी ठेवून घ्यायची.

आमचं वर्कशॉप बडोद्यात फतेगंजच्या पुढे आहे आणि तिथे मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आहे. म्हणजे लोक जे सांगतात ते ऐकायचं आणि मेकॅनिकला कळेल अशा चार शब्दांत कार्डावर लिहायचं. मराठी गिऱ्हाईक दारात दिसलं की काउंटरवरची मंडळी ओरडतात, "संयोगिताबेन, तमारा महेमान!" या पाहुण्यांचं एक बरं असतं. गुजराती माणूस टेबलावर हात आपटून गाडी दुरुस्त करून घेतो आणि जाताना जय श्रीकृष्ण म्हणून गोड होऊन जातो. मराठी माणसाला भीड पडते. आधी तो आडनाव विचारतो, मग कुठल्या गल्लीतले, मग कोणाच्या नात्यातले, आणि एकदा मी 'आपल्यातली' ठरले की पुढे मी काहीही सांगितलं तरी त्याला उलट बोलता येत नाही. ही भीड मी सात वर्षं वापरली. वापरली हाच शब्द खरा आहे. देवरे काका पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनीही हेच केलं. शिर्के म्हणजे जुन्या फौजेतले का, असं विचारलं, मी हो म्हटल्यावर खूश झाले, आणि मग संकोचत म्हणाले, "सकाळी गाडी काढताना स्टिअरिंग जड लागतं गं. आणि ब्रेक तर दगड. बघ जरा." मल्हारराव देवरे. धुळ्याकडून चोविसाव्या वर्षी बडोद्याला आलेले, रिफायनरीत एकतीस वर्षं ऑपरेटर, आता निवृत्त. डाव्या हाताच्या तळव्याला जाड घट्टे होते. व्हील फिरवून फिरवून पडलेत, म्हणाले, आमच्याकडे व्हॉल्व्ह हातानेच बंद करायचे. आमच्या मेकॅनिक नारायणभाईंनी गाडी तपासली, फिरवून आणली. सगळं ठीक होतं. ठीक असणारच, अकरा वाजता कारेलीबागेतून फतेगंजपर्यंत चालत आलेली गाडी होती ती, पहिला ब्रेक केव्हाच लागून गेला होता.

दुसऱ्या वेळी मी त्यांच्याकडून खरी गोष्ट काढून घेतली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. पुराच्या वर्षी त्यांच्या सोसायटीत घराघरात पाणी शिरलं होतं, म्हणून नंतर त्यांनी पोर्च चांगला तीन फूट उंच करून घेतला आणि फाटकापर्यंत उभा उतार झाला. बायकोला, कुसुमकाकूंना, दमा. डिझेलचा पहिला धूर पोर्चमधून थेट स्वयंपाकघरात जायचा आणि त्या तासभर खोकत बसायच्या. म्हणून काका सकाळी गाडी सुरू करतच नसत. न्यूट्रलवर टाकून, हँडब्रेक सोडून, मागे वळून बघत ती उतारावरून अलगद खाली येऊ देत. कुसुमकाकू पुढे जाऊन फाटक उघडत, काका फाटकाशी ब्रेक लावून थांबत, फाटक पूर्ण उघडलं की रस्त्यावर जाऊन किल्ली फिरवत. हे सांगताना ते शाळेत कॉपी पकडल्यासारखे ओशाळले होते. मी मोठ्याने हसले. "काका, इंजिन बंद असेल तर पॉवर स्टिअरिंग जड होणारच! आणि ब्रेकचंही तसंच. इंजिन चालू करून काढा, बघा कसं लोण्यासारखं चालतं." ते म्हणाले, "हो का? असेल बाबा." मी सांगितलं त्यातलं अर्धं अगदी खरं होतं, हे मला आजही छळतं. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग त्याच क्षणी जड होतं. ब्रेकचं मात्र तसं नसतं. ब्रेकच्या मागे बूस्टर म्हणून एक डबा असतो, इंजिन चालू असताना त्यातली हवा ओढून घेतलेली असते, आणि त्या पोकळीच्या जोरावर पायाला मदत मिळते. इंजिन बंद केलं तरी डब्यातला तो जोर दोन-तीन ब्रेकपुरता टिकतो, धड गाडीत सकाळपर्यंत टिकतो. नळीच्या तोंडाशी एवढासा व्हॉल्व्ह असतो, तो हवा एकाच बाजूला जाऊ देतो, म्हणून टिकतो. हे मला माहीत होतं. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. पण स्टिअरिंगचं उत्तर इतकं बरोबर बसलं की ब्रेकही मी त्याच उत्तरात गुंडाळून टाकला.

तिसऱ्यांदा ते आले तेव्हा कुसुमकाकू बरोबर होत्या. बारीक, अंगावर शाल, हातात दम्याचा पंप. ऑक्टोबर संपत आला होता आणि आवारात गाड्यांना उभं राहायला जागा नव्हती. काका माझ्या टेबलाशी वाकून हळूच म्हणाले, जणू मलाच लाज वाटू नये म्हणून, "मी विचार केला गं. रात्रभर उभी राहिली की तो जोर गळून जातो. कुठेतरी व्हॉल्व्ह पास होतोय. आमच्याकडे असंच व्हायचं, बाहेरून बंद दिसतो, आतून गळत असतो. एक रात्र ठेवून घे आणि सकाळी तू स्वतः बसून बघ." माणूस मोटारीतलं काही शिकलेला नव्हता, आणि त्याने पायाने आणि डोक्याने दोष नेमका शोधून माझ्या टेबलावर आणून ठेवला होता. मी काय म्हणाले? "काका, ही गाडी आहे, रिफायनरी नाही." आजूबाजूचे हसले. काकाही हसले. कुसुमकाकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ठेवून घे ना गं एक रात्र. आम्ही रिक्षाने जाऊ." मी म्हटलं, महिनाअखेर आहे काकू, अजिबात जागा नाही, पुढच्या महिन्यात फोन करते. जागा होती. मागच्या शेडमध्ये दोन गाड्यांची होती. पण रात्री राहिलेल्या प्रत्येक गाडीचं कारण मॅनेजरला लिहून द्यावं लागायचं, आणि 'म्हातारबाबा म्हणतात' हे कारण लिहायची मला लाज वाटली. आमच्या घरात पणजोबांची तलवार भिंतीवर आहे, दसऱ्याला तिला झेंडू वाहतात. त्या घरातल्या मला एक कागद लिहायची हिंमत झाली नाही. दुसरा कोणी असता तर टेबलावर हात आपटला असता. देवरे काका म्हणाले, "बरं, तू म्हणतेस तर," आणि गेले. मी कार्डावर लिहिलं, कस्टमर एक्स्प्लेन्ड.

तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात फोन आला. आवाज माझ्याच वयाच्या माणसाचा, मराठीत. मी मुकुंद देवरे. माझी आई गेली. वडील गाडी उतारावरून मागे घेत होते, आई फाटकाची कडी काढत होती. बाबा म्हणतात ब्रेक लागलाच नाही. तुमच्याकडे गाडी तीनदा आली होती, त्यात काही दोष होता का, एवढंच सांगा. तो रडत नव्हता, एकेक शब्द जपून ठेवत होता. मी ओळखही दाखवली नाही. कॉम्प्युटर उघडला आणि वाचून दाखवलं, तारखेसकट. तपासली, दोष आढळला नाही. तपासली, दोष आढळला नाही. कस्टमर एक्स्प्लेन्ड. तो "बरं, थँक्यू" म्हणाला. रात्रभर ठेवून घ्या असं ते म्हणाले होते, हे मी सांगितलं नाही. पुढे त्यांच्याच सोसायटीतल्या एका गिऱ्हाइकाने सहज बोलता बोलता सांगितलं, देवरे काका आता स्वतःच म्हणतात, माझाच पाय चुकला. ब्रेक समजून भलतीकडेच दाबला. बिचारे बाहेर पडत नाहीत हल्ली. हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. मी त्या दिवशी घरी जाताना आईला जिलबी घेऊन गेले.

पण सुटका काही खरी नव्हती. इंजिन बंद होतं, इंजिन बंद होतं, असं मी चौदा महिने स्वतःला समजावत राहिले, आणि दर सकाळी स्कूटर फाटकातून बाहेर काढताना माझा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. तिथे पेडल नव्हतंच, तरी दाबला जायचा. वर्कशॉपमध्ये कोणी गाडी मागे घेतली की मी आधी तिच्या मागे शाल दिसते का बघायची. नारायणभाईंना वाटायचं मी गाड्यांवर नजर ठेवते. मला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटायची सांगू? त्यांनी हँडब्रेक का ओढला नाही, या प्रश्नाची. एकतीस वर्षं कठीण प्रसंगी हात चालवलेला माणूस, त्याचा हात तिथेच होता. एकदा आंघोळ करताना उत्तर आलं आणि मी नळ तसाच वाहता ठेवून उभी राहिले. गाडीत काही नाही असं मी त्यांना तीनदा सांगितलं होतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पाय दगडावर दाबत राहिले, आता लागेल, आता लागेल म्हणून, कारण शिर्क्यांची पोरगी म्हणाली होती की ब्रेक ठीक आहे. दोन सेकंद गेली असतील. तीन फुटांच्या उताराला तेवढी पुरली.

हार्दिकची गाडी ठेवून घेतली त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, मी जेवले आणि झोपले. सकाळी साडेसातला मी वर्कशॉपमध्ये होते. आधी शेजारी उभी असलेली दुसरी गाडी, तीही रात्रीची. दार उघडून बसले, किल्लीला हात न लावता ब्रेक दाबला. मऊ. परत मऊ. तिसऱ्यांदा जरा घट्ट. चौथ्यांदा कडक. असंच व्हायला हवं. मग देवरे काकांच्या गाडीत बसले. सीटवर नवं कव्हर होतं, आरशाला हार्दिकने लिंबू-मिरची बांधली होती. मी मान वळवून मागच्या काचेतून बघितलं, ते बघत असतील तसं, आणि पाय ठेवला. पेडल खाली गेलंच नाही. मी जोर लावला, मांडी थरथरली, सीटवरून उठायला झालं, पेडल दोन बोटंही हललं नाही. काचेत मागे नुसती रिकामी शेड होती. मी पाय काढून परत ठेवला. एकूण किती वेळा ठेवला आठवत नाही. नारायणभाई आले तेव्हा मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले होते. त्यांनी बॉनेट उघडलं, बूस्टरच्या नळीतून अंगठ्याएवढा काळा व्हॉल्व्ह ओढून काढला, पुसला, एका बाजूने फुंकलं, उलटा करून दुसऱ्या बाजूने फुंकलं. "बेन," ते म्हणाले, "बेउ बाजुथी फूंक जाय छे." दोन्ही बाजूंनी हवा जात होती. रात्रभरात डबा रिकामा, आणि इंजिन लावलं तरी भरायला चार-पाच सेकंद. हार्दिकच्या गाडीत नवा व्हॉल्व्ह बसवायला दहा मिनिटं लागली. जुना मी रुमालात बांधला.

शनिवारी दुपारी चार वाजता मी कारेलीबागेत गेले. पत्ता कॉम्प्युटरवर होता, घर विचारावं लागलं नाही. ट्यूशन क्लासच्या पाट्या संपल्यावर डावीकडचं तिसरं, उंच पोर्चचं. फाटक नव्हतंच. दोन खांब होते आणि मध्ये मोकळी जागा होती. तो उतार चढताना मी कडेकडेने गेले. दार काकांनीच उघडलं. वाळले होते, पण लगेच ओळखलं. "अगं शिर्के ना तू? ये, ये. ऊन किती आहे." आत भिंतीवर कुसुमकाकूंचा फोटो होता, तीच शाल. मी बसलेच नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, गाडी परत आली इथपासून. शेडमध्ये जागा होती तेही सांगितलं. मुकुंदला फोनवर मी काय वाचून दाखवलं आणि काय सांगितलं नाही, तेही. रुमाल सोडून व्हॉल्व्ह त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, तो उलटसुलट पाहिला, पण ओठांना लावला नाही. टीपॉयवर ठेवला.

"तुमचा पाय चुकला नव्हता, काका," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही.

"अगं, माझाच पाय ना तो. मला कळणार नाही? पहिले दोन दिवस मी तेच म्हणत होतो, ब्रेक लागला नाही, ब्रेक लागला नाही. मग मुकुंदने तुमच्याकडे फोन केला. त्यानंतर मी तोंड उघडलं की तो उठून जायचा. म्हातारा आईला मारून गाडीवर ढकलतोय, असं त्याला वाटायला लागलं. ते मला बघवेना. म्हणून एक दिवस मीच म्हणालो, बाबा रे, माझाच पाय चुकला. म्हटलं, आता कबूल केलं, आता तरी बोलेल."

"बोलले?"

"नाही." त्यांनी चष्मा काढून मिटला. "तसं सगळं करतो. जेवण वाढून ठेवतो, गोळ्या आणून देतो, डॉक्टरकडे नेतो. हाक मारत नाही. चौदा महिने झाले."

मी काहीतरी म्हणाले असेन, माफी वगैरे. त्यांनी ऐकलं नाही, घड्याळाकडे बघितलं. "हे मला सांगून काय उपयोग, पोरी? त्याला सांग. पाच वाजता येतो तो. अर्धा दिवस असतो शनिवारचा, पण आजकाल उशीरच करतो घरी यायला."

"तुम्ही बसाल ना इथे?"

"नको. माझ्यासमोर तुला सगळं बोलवणार नाही." हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. अजूनही त्यांना माझीच भीड पडत होती. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर थांबले, आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

तासभर मी तिथल्या एका खुर्चीत बसून होते. आतून पलंगाचा आवाजही आला नाही. पाच वाजून गेल्यावर खाली मोटरसायकल थांबली आणि मुकुंद उतार चढून आत आला. हातात भाजीची पिशवी, कानशिलावरचे केस पांढरे. तोंडवळा काकूंचा. मला बघून गोंधळला. "कोण आपण?"

मी नाव सांगितलं, वर्कशॉपचं नाव सांगितलं, आणि मग म्हणाले, "तुमचे वडील खरं बोलत होते. ब्रेक लागला नव्हता." त्याने पिशवी खाली ठेवली नाही. मी पुढचं सगळं सांगितलं तोवर ती त्याच्या हातातच होती. तिसऱ्या वेळचं सांगताना मी काहीही वगळलं नाही, रिफायनरीचा विनोदसुद्धा नाही.

"फोनवर तुम्हीच होतात?" त्याने विचारलं.

"हो."

तो मला मारेल असं मला वाटलं, आणि त्याने मारावं असंही वाटलं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवी भिंतीशी ठेवली, ती कलंडली, दोन वांगी घरंगळत टीपॉयखाली गेली. तो आतल्या खोलीच्या दारापाशी गेला. हात वर उचलला, कडीजवळ नेला आणि तिथेच धरला. त्याची पाठ हलत होती.

"बाबा," तो म्हणाला. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाला, "बाबा."

आतून मल्हाररावांचा आवाज आला, रोजच्यासारखा.

"लोटलंय नुसतं. ये."

मी बाहेर येऊन चपला घालून मागे पाहिलं, तेव्हाही मुकुंद त्या दारासमोर हात वर धरून तसाच उभा होता.